उपनगरातल्या लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा लिहावा: वायव्य मुंबई आणि तिचे शेजारी

मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसलं की हात आधी विजेत्यांच्या यादीकडे जातो. साल, खासदार, पक्ष, मताधिक्य असे चार रकाने भरले की काम झालं असं वाटतं. जिथली हद्द आणि वस्ती फारशी हललेली नाही तिथे अशी यादी चालूनही जाते. उपनगरात ती वाचकाला फसवते. लोकसंख्या वाढते, पुनर्रचनेत हद्दी कापल्या-जोडल्या जातात, नाव मात्र पाटीवर तेच राहतं. २००४ ची वायव्य मुंबई आणि २००९ ची वायव्य मुंबई एकाखाली एक लिहिल्या की त्याच मतदारांनी पाच वर्षांनी दुसरा खासदार निवडला असं वाटतं. प्रत्यक्षात मधल्या काळात मतदारसंघाचा मोठा भाग बदललेला असतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी हद्द, मग उमेदवार, मग पक्ष, आणि आकडे सगळ्यात शेवटी. पुढची सगळी उदाहरणं मुंबईच्या उत्तर, वायव्य आणि ईशान्य या तीन मतदारसंघांची आहेत. शोध घेताना प्रत्येक नाव दोन-तीन तऱ्हांनी टाका. वर्तमानपत्रांत वायव्य मुंबई आणि उत्तर पश्चिम मुंबई, ईशान्य मुंबई आणि उत्तर पूर्व मुंबई अशी दोन्ही रूपं चालतात, आणि जुन्या इंग्रजी अहवालांत मुंबईच्या जागी बॉम्बे असतं.

पायरी १: हद्दीचे कालखंड पाडा

कोरा कागद घ्या आणि आडव्या रेघा मारा. प्रत्येक रेघ म्हणजे एक पुनर्रचना. मुंबईच्या उपनगरांपुरता हा कागद असा दिसतो.

१९५२: 'मुंबई उपनगर' या नावाचाच मतदारसंघ. खासदार काँग्रेसच्या जयश्री रायजी. शेजारचा मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तिथून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेवर नारायण काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव केला तो इथेच.

१९५७ आणि १९६२: 'उपनगर' हे नाव गेलं, 'उत्तर' आलं. दोन्ही वेळा व्ही. के. कृष्ण मेनन, काँग्रेस. १९६२ मध्ये त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी होते.

१९६७ आणि १९७१: उपनगरांचे ईशान्य आणि वायव्य असे दोन मतदारसंघ.

१९७७ ते २००४: १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली रचना. उत्तर मुंबई हा तिसरा उपनगरी मतदारसंघ आला आणि मुंबईच्या जागा सहा झाल्या. या एका नकाशावर नऊ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. उपनगरांच्या इतिहासातला हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात तुलनायोग्य कालखंड.

२००९ पासून पुढे: २००१ च्या जनगणनेवर आधारलेली, २००८ च्या परिसीमन आदेशाची (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आदेशाची) रचना. जागा सहाच, पण आतल्या हद्दी नव्या.

शेवटच्या दोन कालखंडांतली रेघ जाड काढा. लोकांच्या आठवणीत आणि टीव्हीवरच्या चर्चेत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

या कागदाच्या शेजारी महापालिकेच्या हद्दीचीही नोंद ठेवा. १९५० साली ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. मुंबई उपनगर हा स्वतंत्र महसुली जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला. पन्नाशीतल्या एखाद्या बातमीत 'उपनगर' असं आलं तर ते आजच्या जिल्ह्याइतकं आहे असं धरून चालू नका.

पायरी २: मतदारसंघ विधानसभा क्षेत्रांत फोडा

लोकसभा मतदारसंघ हा विधानसभा क्षेत्रांचा गठ्ठा असतो. २००८ नंतर मुंबईत प्रत्येक गठ्ठ्यात सहा क्षेत्रं आहेत. क्रमांकांसह लिहून घ्या, कारण पुढे निकालपत्रकं शोधताना क्रमांकच उपयोगी पडतात.

उत्तर मुंबई (२६): बोरिवली १५२, दहिसर १५३, मागाठाणे १५४, कांदिवली पूर्व १६०, चारकोप १६१, मालाड पश्चिम १६२.

वायव्य मुंबई (२७): जोगेश्वरी पूर्व १५८, दिंडोशी १५९, गोरेगाव १६३, वर्सोवा १६४, अंधेरी पश्चिम १६५, अंधेरी पूर्व १६६.

ईशान्य मुंबई (२८): मुलुंड १५५, विक्रोळी १५६, भांडुप पश्चिम १५७, घाटकोपर पश्चिम १६९, घाटकोपर पूर्व १७०, मानखुर्द शिवाजीनगर १७१.

क्रमांक सलग नाहीत हे पाहून गोंधळू नका. १५८ आणि १५९ वायव्येत, १६० ते १६२ उत्तरेत आणि १६३ पुन्हा वायव्येत आहे. क्रमांकांच्या सलग पट्ट्यावरून बेरीज करणारा चुकतोच.

आता जुन्या रचनेतली क्षेत्रं काढा आणि प्रत्येक नव्या क्षेत्रापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: पूर्वीही याच मतदारसंघात, अंशतः, किंवा नव्याने आलेलं. तशीच बाहेर गेलेल्या भागांची यादी करा. वायव्य मुंबईतून वांद्रे आणि विलेपार्ले बाहेर पडून उत्तर मध्य मुंबईत गेले. उत्तर मुंबईतून वसई बाहेर पडली आणि पालघर या अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या नव्या मतदारसंघात गेली.

हे का करायचं ते उत्तर मुंबईच्या दोन ओळींवरून दिसतं. २००४ साली राम नाईक ५,११,४९२ मतं घेऊन गोविंदांकडून ४८,२७१ मतांनी हरले. २००९ साली त्यांना २,४९,३७८ मतं पडली आणि संजय निरुपम यांच्याकडून ते ५,७७९ मतांनी हरले. नुसती यादी वाचणारा म्हणेल, पाच वर्षांत नाईकांची निम्मी मतं गेली. पण २००४ चा मतदारसंघ आकाराने कितीतरी मोठा होता, त्यात वसई होती, आणि २००९ मध्ये मनसेच्या उमेदवाराने १,४७,५०२ मतं घेतली होती. गोविंदांची ५,५९,७६३ आणि निरुपम यांची २,५५,१५७ ही विजयी मतं शेजारी ठेवली की फरक मतदारसंघाच्या आकारातही आहे हे लगेच कळतं. हद्दीची रेघ ओलांडून कच्ची मतं कधीही एकमेकांशी ताडू नका. फार तर टक्केवारी ताडा, आणि तीही टीप देऊन.

हद्दीचं मूळ वर्णन परिसीमन आदेशात मिळतं. शहरी क्षेत्रांसाठी ते जनगणनेचे वॉर्ड आणि प्रगणन गट (शिरगणतीसाठी पाडलेले छोटे तुकडे) यांच्या क्रमांकांत असतं, म्हणून वाचायला रुक्ष वाटतं. हे जनगणनेचे वॉर्ड म्हणजे महापालिका निवडणुकीचे २२७ प्रभाग नव्हेत, आणि ए ते टी अशी अक्षरं असलेले २४ प्रशासकीय विभागही नव्हेत. तिन्हींना लोक वॉर्डच म्हणतात. तक्त्यात तीन वेगळे रकाने ठेवा. नकाशावर काम करणार असाल तर पश्चिम रेल्वेचा रूळ आधी आखून घ्या. वायव्य मुंबईत जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, अंधेरी पूर्व ढोबळमानाने रुळाच्या पूर्वेला आणि गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम पश्चिमेला पडतात. मतांचा कल वाचताना ही पूर्व-पश्चिम फाळणी सतत कामाला येते.

पायरी ३: विजेत्यांची यादी कालखंडांत मांडा

आता यादी करा, पण जाड रेघा तशाच ठेवून. वायव्य मुंबईची अशी होते:

पहिला कालखंड: १९६७ शांतीलाल शाह, काँग्रेस, १९७१ ह. रा. गोखले, काँग्रेस.

दुसरा कालखंड: १९७७ आणि १९८० राम जेठमलानी, जनता पक्ष, १९८४, १९८९ आणि १९९१ सुनील दत्त, काँग्रेस, १९९६ आणि १९९८ मधुकर सरपोतदार, शिवसेना, १९९९ आणि २००४ पुन्हा सुनील दत्त, २००५ पोटनिवडणूक प्रिया दत्त, काँग्रेस.

तिसरा कालखंड: २००९ गुरुदास कामत, काँग्रेस, २०१४ आणि २०१९ गजानन कीर्तिकर, शिवसेना, २०२४ रवींद्र वायकर, शिवसेना.

यादी अशी मांडली की कालखंडाच्या सांध्यावर काय घडलं ते आपोआप उघडं पडतं. प्रिया दत्त २००९ साली हरल्या नाहीत. त्या उत्तर मध्य मुंबईतून लढल्या आणि जिंकल्या, कारण वांद्र्याचा पट्टा तिकडे गेला होता. कामत १९८४, १९९१, १९९८ आणि २००४ असे चार वेळा ईशान्य मुंबईतून जिंकले होते आणि २००९ साली वायव्येत आले. म्हणून मतदारसंघाच्या तक्त्याला जोडून उमेदवारांचा एक वेगळा तक्ता ठेवा: व्यक्ती, साल, मतदारसंघ, पक्ष, निकाल. निरुपम यांची ओळ पाहा. २००४ मध्ये शिवसेनेकडून वायव्येत सुनील दत्तांविरुद्ध पराभूत, २००९ मध्ये काँग्रेसकडून उत्तरेत विजयी, २०१४ मध्ये तिथेच पराभूत, २०१९ मध्ये काँग्रेसकडून पुन्हा वायव्येत पराभूत. एकाच मतदारसंघाच्या यादीत हा प्रवास कधीच दिसला नसता.

नावं जुळवताना जपून. अहवालांत एकच माणूस कधी आडनावापासून, कधी वडिलांच्या नावासह, कधी 'ॲड.' किंवा 'डॉ.' लावून येतो. संगणकाने आपोआप जुळवलेली नावं डोळ्यांखालून घाला. सारख्या नावाचे अपक्ष उभे राहण्याची पद्धत असल्याने उलटी चूकही होते, म्हणजे दोन वेगळी माणसं एक समजली जातात. नावाबरोबर पक्ष आणि मिळालेली मतं पाहिली की बहुतेक शंका फिटतात.

पायरी ४: पक्षाचं नाव त्या दिवशीचं लिहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पक्षासाठी एक रकाना पुरत नाही, तीन करा: अहवालात छापलेलं नाव, त्या वेळी लोक ज्या नावाने ओळखत ते नाव, आणि टीप.

निवडणूक आयोगाचा १९७७ चा सांख्यिकी अहवाल उघडला की जेठमलानी, उत्तर मुंबईच्या मृणाल गोरे आणि ईशान्य मुंबईचे सुब्रमण्यम स्वामी यांच्यापुढे भारतीय लोक दल दिसतं. ती छपाईची चूक नव्हे. जनता पक्ष त्या निवडणुकीत भारतीय लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढला होता. पहिल्या रकान्यात भारतीय लोक दल, दुसऱ्यात जनता पक्ष असं लिहा. नाहीतर वाचकाला चौधरी चरणसिंगांच्या पक्षाने मुंबई जिंकली असं वाटेल.

१९८० ची निवडणूक जानेवारीत झाली आणि भाजपची स्थापना ६ एप्रिल १९८० रोजी. जेठमलानी पुढे भाजपमध्ये गेले तरी त्या निकालापुढे जनता पक्षच लिहायचं. 'भाजप १९८०' अशी नोंद कुठे दिसली तर ती उतरवून घेऊ नका. त्याच निवडणुकीत काँग्रेसचे दोन गट वेगवेगळे लढले होते. इंदिरा काँग्रेस आणि अर्स काँग्रेस (देवराज अर्स यांचा गट) यांची मतं चुकूनही एकत्र करू नका.

१९८४ साली शिवसेनेचे मुंबईतले उमेदवार भाजपच्या चिन्हावर लढले. उत्तर मध्य मुंबईत मनोहर जोशी हे त्यातलं ठळक नाव. त्यामुळे त्या वर्षीची भाजपची मुंबईतली मतं सरसकट भाजपची म्हणता येत नाहीत.

२०२४ साठी टीप लांब लिहावी लागेल, आणि लिहाच. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. दुसरा पक्ष शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या नावाने मशाल घेऊन लढला. वायव्य मुंबईत २०१९ चे विजेते गजानन कीर्तिकर शिंदे गटात गेले, त्यांचे चिरंजीव अमोल कीर्तिकर मशालीवर उभे राहिले, आणि समोर धनुष्यबाणावर वायकर. अशा वेळी 'शिवसेनेने जागा राखली' हे वाक्य नुसत्या नावावरून खरं ठरतं, पण वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही उमेदवारांची २०१९ मधली बाजू लिहा आणि निष्कर्ष वाचकावर सोडा.

पायरी ५: आकड्यांचे रकाने आणि छेद

प्रत्येक निवडणुकीसाठी हे रकाने हवेत: एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद मतं, वैध मतं, नोटा, पहिल्या तीन उमेदवारांची मतं, मताधिक्य. टक्केवारी स्वतः काढा, उतरवू नका. उमेदवाराची टक्केवारी काही ठिकाणी वैध मतांवर काढलेली असते, काही ठिकाणी नोटा धरून. तुम्ही एक छेद ठरवा आणि तक्त्याच्या माथ्यावर लिहून टाका. वैध मतं हा छेद सोयीचा, कारण नोटा २०१३ मध्ये आलं आणि ते बाजूला ठेवलं तरच जुन्या निवडणुकांशी तुलना जमते. मतदानाची टक्केवारी घेताना मतदानाच्या संध्याकाळची नव्हे, अंतिम घ्या.

नियम बदलल्यामुळे आकडे कुठे उडी मारतात तेही माहीत हवं. नाहीतर त्या उडीला राजकीय कारण चिकटवलं जातं.

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते मार्च १९८९ मध्ये. त्या वर्षाअखेरच्या लोकसभा निवडणुकीत मतदारसंख्या एकदम फुगलेली दिसते. सगळी वाढ नव्या वस्तीची नव्हे.

अनामत रक्कम १९९६ च्या निवडणुकीनंतर ५०० वरून १०,००० रुपये झाली. देशभर १९९६ मध्ये १३,९५२ उमेदवार होते, १९९८ मध्ये ४,७५० उरले. तुमच्या मतदारसंघात १९९८ ला अपक्ष आटलेले दिसले तर कारण हे. अनामत २५,००० झाली २०१० पासून. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, आणि त्या हिशेबात नोटा धरत नाहीत.

२००४ साली लोकसभेच्या सगळ्या जागांवर ईव्हीएम आली. तिथून बाद मतांचा रकाना जवळजवळ टपालापुरता उरतो. त्याआधीच्या वर्षांत तो भरलेला असतो. झालेलं मतदान आणि वैध मतं यांत तफावत दिसली तर घाबरू नका.

१९५२ च्या द्विसदस्य मतदारसंघांत प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. मतांची बेरीज मतदारसंख्येने भागली तर टक्केवारी भलतीच येते. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

पायरी ६: निकालपत्रक जवळून वाचा

बारीक कामासाठी फॉर्म २० लागतो. हे अंतिम निकालपत्रक असतं. लोकसभेचा फॉर्म २० प्रत्येक विधानसभा क्षेत्रासाठी वेगळा निघतो. आडव्या ओळीत मतदान केंद्रं, उभ्या रकान्यांत उमेदवार, शेवटी वैध मतं, नोटा, आणि प्रदत्त मतं. एखाद्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं असेल तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका देतात, ती प्रदत्त. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांची ही पत्रकं पीडीएफमध्ये सापडतात. बरीच पत्रकं कागद स्कॅन करून चढवलेली असल्याने संगणकाला ३ आणि ८ मधला फरक कळत नाही. प्रत्येक पानाची बेरीज पानावर छापलेल्या बेरजेशी ताडा.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टपाली मतं विसरणं. टपाली मतं कुठल्याही विधानसभा क्षेत्रात धरली जात नाहीत. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर मतदारसंघासाठी एकत्र मोजतात. त्यामुळे सहा क्षेत्रांची बेरीज आणि जाहीर झालेला आकडा कधीच जुळत नाही. तो जुळवायला टपालाची ओळ वेगळी धरावी लागते. बहुतेक ठिकाणी त्या फरकाने काही बिघडत नाही. वायव्य मुंबईत २०२४ साली सगळा निकालच त्या ओळीत होता.

तिथला हिशेब असा. ईव्हीएमवर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५, वायकर ४,५१,०९४. म्हणजे सहा क्षेत्रांची मतं मोजून झाल्यावर कीर्तिकर एका मताने पुढे. टपालात वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१, म्हणजे वायकर ४९ ने पुढे. बेरीज: वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. मताधिक्य ४८. नुसती क्षेत्रनिहाय पत्रकं जोडून इतिहास लिहिणारा इथे चक्क पराभूत उमेदवाराला विजयी करील. विजयाचं अंतर बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासायची असा आयोगाचा दंडक आहे, आणि इथे तशी तपासणी झाली. दोघांच्या मिळून ९ लाख ५ हजार मतांत ४८ चं अंतर कसं ठरलं, हे वाचकाला पायरीपायरीने दाखवा. 'निसटता विजय' या दोन शब्दांत ते मावत नाही.

केंद्रनिहाय तुलना करायची असेल तर केंद्र क्रमांकांवर विसंबू नका. यादीच्या प्रत्येक फेरतपासणीत केंद्रं फुटतात, जोडली जातात, क्रमांक सरकतात. २०१९ चं केंद्र ११२ आणि २०२४ चं केंद्र ११२ वेगवेगळ्या गल्ल्यांतली असू शकतात. जुळवणी पत्त्यावरून करा: शाळेचं किंवा इमारतीचं नाव, खोली, यादीभागात (मतदार यादीच्या त्या केंद्राच्या भागात) येणाऱ्या सोसायट्या आणि चाळी. उपनगरात गृहनिर्माण संस्थांच्या आवारातही केंद्रं येऊ लागली आहेत, त्यामुळे पत्ताही बदलतो. अशा वेळी यादीभागच धरा. मतपत्रिकांच्या काळासाठी केंद्रनिहाय चित्राचा हट्ट सोडून द्या. अनेक निवडणुकांत वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळूनच मोजल्या गेल्या, म्हणून तो तपशील तयारच झाला नाही.

पायरी ७: तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि 'मतविभागणी'

२००९ ची मुंबई लिहिताना हा प्रश्न येणारच. ईशान्य मुंबईत राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील २,१३,५०५, भाजपचे किरीट सोमय्या २,१०,५७२, मनसेचे शिशिर शिंदे १,९५,१४८. अंतर २,९३३. वायव्येत कामत २,५३,९२०, कीर्तिकर २,१५,५३३, मनसे १,२३,८८५.

हे आकडे जरूर द्या. त्यांच्यापुढे 'मनसेमुळे युती हरली' असं एका ओळीत लिहिणं मात्र टाळा. मनसे नसती तर ती सगळी मतं शिवसेना-भाजप युतीकडे गेली असती, हे निकालपत्रक सांगत नाही. त्यातले काही लोक मतदानालाच गेले नसते, काही दुसरीकडे गेले असते. लिहिता येतं ते एवढंच: अंतर किती, तिसऱ्याची मतं त्याच्या किती पट, आणि निकाल पालटायला त्यातला किती हिस्सा एकीकडे वळावा लागला असता. ईशान्येत २,९३४ मतं, म्हणजे मनसेच्या मतांतली शंभरात दीड. वायव्येत ३८,३८८, म्हणजे शंभरात एकतीस. दोन मतदारसंघांतला फरक एवढ्यानेच स्पष्ट होतो, आणि तो फार मोलाचा आहे.

हरलेल्याची मतं वाढली की घटली हेही पाहा. वायव्येत कामत २००९ ला २,५३,९२० मतांवर जिंकले आणि २०१४ ला २,८१,७९२ मतांवर १,८३,०२८ ने हरले. त्यांची मतं २७,८७२ ने वाढली होती. काँग्रेसची मतं कोसळली असं लिहून मोकळं होणाऱ्याने हा रकाना पाहिलेला नसतो.

पायरी ८: पोटनिवडणुका आणि न्यायालय

सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. ईशान्य मुंबईत १९६७ साली स. गो. बर्वे यांनी अपक्ष लढणाऱ्या कृष्ण मेनन यांना हरवलं. थोड्याच दिवसांत बर्व्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. एका वर्षात दोन निवडणुका, आणि बहुतेक याद्यांत दोन्हींपैकी एकच. वायव्येत सुनील दत्त यांचं २५ मे २००५ रोजी निधन झालं, त्यानंतरची पोटनिवडणूक प्रिया दत्त यांनी जिंकली.

निकालाविरुद्ध निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. म्हणून प्रत्येक चुरशीच्या निकालापुढे 'याचिका?' असा एक रकाना ठेवा. निकाल जाहीर झाला म्हणजे इतिहास संपला असं नसतं, हे उपनगरांना चांगलं ठाऊक आहे. विलेपार्ले विधानसभेची १९८७ ची पोटनिवडणूक जिंकलेले डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. वायव्य मुंबईच्या २०२४ च्या निकालाविरुद्धची कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

पायरी ९: मजकूर लिहिताना

'बालेकिल्ला' आणि 'परंपरागत मतदार' हे शब्द तक्त्याने परवानगी दिली तरच वापरा. उत्तर मुंबईत गोपाळ शेट्टी २०१४ ला ४,४६,५८२ आणि २०१९ ला ४,६५,२४७ मतांनी जिंकले, २०२४ ला पीयूष गोयल ३,५७,६०८ मतांनी. तीन निवडणुका, एकच नकाशा, प्रचंड अंतर. इथे शब्द शोभतो. पण त्याच नकाशावर २००९ साली काँग्रेस जिंकली होती, हे त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

ईशान्य मुंबई कोणालाच सलग दोनदा निवडून देत नाही, हे वाक्य दर निवडणुकीत छापून येतं. तपासून पाहा. कामत, जयवंतीबेन मेहता, कामत, प्रमोद महाजन, कामत, सोमय्या, कामत, पाटील, सोमय्या, मनोज कोटक, पाटील: १९८४ ते २०२४ या काळात व्यक्तीपुरतं ते खरं आहे. त्याआधी स्वामी १९७७ आणि १९८० असे सलग जिंकले होते. आणि पक्षापुरतं ते खोटं आहे, कारण २०१४ आणि २०१९ दोन्ही वेळा भाजपच होता. शिवाय मध्ये २००८ ची जाड रेघ आहेच. वाक्य ठेवायचं तर 'कोण' आणि 'कधीपासून' हे दोन्ही त्यात घाला.

शेवटची तपासणी

छापण्याआधी प्रत्येक ओळीवर हे हिशेब फिरवा. सगळ्या उमेदवारांची बेरीज म्हणजे वैध मतं. वैध, बाद आणि नोटा मिळून झालेलं मतदान. सहा क्षेत्रं अधिक टपाल म्हणजे अंतिम मतं. पहिला वजा दुसरा म्हणजे मताधिक्य. हे चारही जुळले तर ओळ पक्की. एखादा जुळत नसेल तर आकडा अंदाजाने दुरुस्त करू नका, दोन अहवालांतले दोन्ही आकडे टीपेत ठेवा. मग विजेत्याच्या पक्षापुढची तारीख पाहा: तो पक्ष त्या दिवशी, त्या नावाने, त्या चिन्हावर होता का? सगळ्यात शेवटी तक्ता कोणाला तरी दाखवा आणि विचारा की २००४ आणि २००९ च्या ओळींमध्ये रेघ का आहे. उत्तर तक्ता वाचूनच देता आलं नाही तर टीप रेघेच्या आणखी जवळ आणा. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर पुनर्रचना झाली की अशीच आणखी एक रेघ मारावी लागेल, तेव्हा तक्त्यात खाली जागा मोकळी सोडा.